शंभर मैलांची उन्हातली धाव आणि आपला उन्हाळा



मागच्या दोन अंकांत आपण मधुमेहात पायांची निगा कशी राखावी ते पाहिले. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर उन्हाळा तोंडावर आलेला असेल, म्हणून या वेळी उन्हाचा धडा घेऊ. मात्र तो जरा लांबच्या वाटेने घ्यायचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात दर वर्षी जूनच्या अखेरीस डोंगरांतून शंभर मैल धावण्याची एक शर्यत होते. तुम्ही म्हणाल, "सिस्टर, आम्हाला दोन जिने चढवत नाहीत आणि तुम्ही शंभर मैलांचे काय सांगता?" सांगते. कमावलेल्या शरीराची माणसे उन्हापुढे कशी कोलमडतात आणि कशी निभावून जातात, हे या शर्यतीत डॉक्टर-नर्स मंडळी चाळीस-पन्नास वर्षे अगदी जवळून पाहत आली आहेत. त्यांनी त्यातून जे नियम काढले, ते पंख्याखाली बसणाऱ्या आपल्यासारख्यांना थोड्या फरकाने फार उपयोगी पडतात. फरक कुठे करायचा, तेही सांगणार आहे.

शर्यत कशी असते

या शर्यतीचे नाव वेस्टर्न स्टेट्स. साधी मॅरेथॉन ४२ किलोमीटरची असते. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ही तर १६१ किलोमीटरची, म्हणजे मुंबईहून पुण्याला पोहोचून वर आणखी थोडे चालावे एवढी. रस्ता डांबरी नाही, डोंगरातली पायवाट. ऑलिंपिक व्हॅली येथून पहाटे पाच वाजता सुरुवात होते आणि ऑबर्न गावातल्या शाळेच्या मैदानावर शेवट. वाटेत सुमारे १८,००० फूट चढ, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या तिपटीहून जास्त; उतार त्याहूनही अधिक. वेळेची मर्यादा ३० तास. चोवीस तासांच्या आत पोहोचणाऱ्याला कमरपट्ट्याचे चांदीचे बक्कल मिळते, त्यानंतर पण तीस तासांच्या आत येणाऱ्याला कांस्याचे.

सुरुवातीचा डोंगर ८,७०० फुटांवर आहे. काही वर्षी तिथे जूनमध्येही बर्फ असतो. पण दुपार होईतो धावक खोल दऱ्यांत उतरतात. तिथे वारा नाही, दगड तापलेले. ऊन ३८ अंशांच्या वर जाते, कधी ४३ अंशांपर्यंत. अनेक धावक हाय खातात ते याच दऱ्यांत.

या शर्यतीचा जन्मही उन्हाचाच. त्या पायवाटेवर १९५५ पासून घोडेस्वारांची शंभर मैलांची शर्यत होत असे. तिचे नाव टेविस कप. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा २७ वर्षांचा तरुण घोडेस्वारांबरोबर घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी धावला आणि कडक उन्हात २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. १९७७ साली १४ जण धावायला उतरले, त्यांतले फक्त तिघे शेवटपर्यंत गेले. त्या तिघांतले एक राल्फ पॅफेनबार्गर, वय ५४. हे स्वतः वैद्यकशास्त्राचे मोठे संशोधक. नियमित चालण्या-फिरण्याने व कष्टाच्या कामाने हृदयविकार कमी होतो, हे हजारो माणसांच्या नोंदींवरून दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. आज डॉक्टर आपल्याला रोज चालायला सांगतात, त्यामागे अशा माणसांचे काम आहे.

घोड्यांच्या शर्यतीतला एक नियम मला फार आवडतो. ठरावीक ठिकाणी घोडे थांबवतात आणि पशुवैद्य त्यांची नाडी पाहतात. नाडी ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरल्याशिवाय घोड्याला पुढे सोडत नाहीत, मग स्वार कितीही घाईत असो. घोड्याला आपली अवस्था सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्याने पाहायची. पहिल्या वर्षी धावणाऱ्या माणसांचीही तपासणी याच ठाण्यांवर झाली. हा मुद्दा लक्षात ठेवा. या लेखाचे सार त्यातच आहे.

उन्हात शरीर काय करते

आपल्या शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते वाढू लागले की शरीर दोन उपाय करते. एक, त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, म्हणून चेहरा लाल होतो. दुसरा, घाम आणते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने: बाहेरून पाझरलेले पाणी वाळते आणि आतले गार होते.

आता मुंबई-अलिबागकडची हवा घ्या. दमट हवेत माठही नीट गार होत नाही आणि आपणही होत नाही. घाम ठिबकतो, वाळत नाही. म्हणून कोकणातले ३६ अंश कधी कधी कोरड्या मुलखातल्या ४० अंशांहून जास्त छळतात. उलट, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत घाम येताच उडून जातो. माझी मुलगी सॅक्रामेंटोला राहते. तिच्याकडे पहिल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा अंग कोरडे राहायचे, त्यामुळे घाम येतच नाही असे वाटे, आणि संध्याकाळी ओठ सुकून डोके दुखे. पाणी अंगातून जात होतेच, दिसत नव्हते एवढेच. इस्रायलमध्ये बेरशेबा-दिमोनाकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा अनुभव असेलच.

या सगळ्या कामाचा भार हृदयावर पडतो. त्वचेकडे रक्त पाठवायचे, पोटाला-मेंदूलाही पुरवायचे आणि घामाने रक्तातले पाणी कमी झालेले. म्हणून नाडी जलद चालते. तरुण हृदय हे पेलते. आपले हृदय विश्रांतीतही उन्हात जास्त काम करत असते, ते आपल्याला कळत नाही.

वय वाढल्यावर काय बदलते

पहिली गोष्ट, तहानेची घंटा उशिरा वाजते. शरीराला पाणी हवे असते, पण तोंडाला तशी ओढ लागत नाही. दुसरी, घाम उशिरा व कमी येतो. तिसरी, मूत्रपिंडे पाणी व मीठ पूर्वीसारखे राखून ठेवू शकत नाहीत. चौथी, उकाडा जाणवतोच कमी. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना एप्रिलमध्येही खिडक्या लावून, अंगावर चादर घेऊन बसलेले मी पाहिले आहे.

त्यात औषधांची भर. रक्तदाब व हृदयासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या अंगातले पाणी व क्षार बाहेर टाकतात. काही रक्तदाबाच्या गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. ॲलर्जी-सर्दीच्या, लघवीवर ताबा ठेवण्याच्या व मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. याचा अर्थ गोळ्या बंद करायच्या असा मुळीच नाही. आपल्या मनाने एकही गोळी सोडू नका. उन्हाळा सुरू होण्याआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "उन्हाळ्यात यांत काही बदल करायचा का? दिवसाला पाणी किती पिऊ?" दोनच प्रश्न, पण फार मोलाचे.

धावकांकडून शिकायच्या गोष्टी

*पहिली, उन्हाची सवय हळूहळू करायची.* शहाणा धावक शर्यतीच्या दिवशी एकदम उन्हात उतरत नाही. आधीचे दहा ते चौदा दिवस तो रोज थोडा वेळ उष्णतेत काढतो. एवढ्या काळात शरीर शिकते: रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जाते, नाडी शांत राहते. कॅलिफोर्नियातच डेथ व्हॅली नावाचे वाळवंट आहे. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदले गेले, ते जगातले सर्वांत जास्त मानले जाते. ते वाळवंट धावत ओलांडून माउंट व्हिटनीपर्यंत जायचा अल अर्नोल्ड यांनी १९७४ व १९७५ साली प्रयत्न केला. दोन्ही वेळा अपयश आले. मग वाफेच्या तापलेल्या खोलीत सायकल मारून शरीराला सवय लावली आणि १९७७ साली ते साधले.

आपण तापलेल्या खोलीत बसायचे नाही. आपल्यासाठी अर्थ एवढाच, की मोसमातले पहिले कडक आठ-दहा दिवस सर्वांत धोक्याचे, कारण शरीराला सवय झालेली नसते. त्या दिवसांत दुपारची बाजारहाट, लांबचा प्रवास, लग्नकार्याची धावपळ टाळा. परदेशातून मे महिन्यात मुंबईला येणाऱ्यांनी आणि इथून उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी पहिला आठवडा जपून राहावे. मिळवलेली सवय दोन-चार आठवड्यांत उतरतेही, म्हणून गेल्या वर्षीच्या सवयीवर या वर्षी भिस्त ठेवू नका.

*दुसरी, अंग बाहेरून भिजवायचे.* धावक टोपीत बर्फ भरतात, मानेभोवती बर्फाची पुरचुंडी बांधतात, ओढा दिसला की त्यात बसकण मारतात. ७८व्या मैलावर अमेरिकन नदी लागते, तिच्यातून दोर धरून जातात, तेव्हा सगळे अंग गार होते. आपल्याकडे याला लागते काय? एक पंचा. ओला करून मानेभोवती घ्या, वाळला की पुन्हा भिजवा. बादलीभर पाण्यात पावले बुडवून बसा. मधुमेह असेल तर पाणी फार थंड नको आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. हात कोपरापर्यंत नळाखाली धरा. अंग ओले ठेवून पंख्याखाली बसले तर खरा गारवा मिळतो. नुसत्या पंख्याचा भरवसा धरू नका: हवा ४० अंशांच्या वर गेली की तो गरम वाराच अंगावर मारतो.

*तिसरी, वजन पाहायचे.* या शर्यतीत बरीच वर्षे वाटेतल्या ठाण्यांवर धावकांचे वजन केले जाई. फार उतरले तर पाणी कमी पडले. वाढले तर पाणी जरुरीपेक्षा जास्त प्यायला, तेही वाईटच. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. घरात वजनकाटा असेल तर उन्हाळ्यात रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरले किंवा पायांवर सूज येऊन वाढले, तर डॉक्टरांना फोन करा. हृदयाच्या रुग्णांना तर ही वही फारच उपयोगाची.

*चौथी, दुखण्याच्या गोळ्यांपासून सावध.* या शर्यतीत अंगातले पाणी कमी होऊन आणि स्नायू झिजून काही धावकांची मूत्रपिंडे बिघडली आहेत. लघवी काळ्या चहासारखी झाली तर ती धोक्याची खूण. म्हणून आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या धावताना घेऊ नयेत असे धावकांना बजावतात. आपल्याकडे गुडघे दुखले की ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक दुकानातून आणून घेण्याची सवय फार. उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या शरीरात, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर, ही गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाणी: किती आणि कसे

इथे धावक आणि आपण यांत फरक आहे, तो नीट समजून घ्या.

पूर्वी धावकांना सांगत, "प्या, जितके पिता येईल तितके प्या." त्यातून नवेच संकट उभे राहिले. पाणी जास्त झाले की रक्तातले सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, पातळ होतो. डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो, फिट येते, माणूस दगावूही शकतो. २००९ च्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत शेवटाला पोहोचलेल्या काही धावकांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. बहुतेकांना त्रास झाला नव्हता, पण आकडा विचार करायला लावणारा आहे. म्हणून आता धावकांना सांगतात, तहान लागेल तसे प्या.

आपल्याला हा नियम पुरत नाही, कारण आपली तहान भरवशाची नाही. आपण घड्याळाकडे पाहून प्यावे: दर तास-दीड तासाने अर्धा पेला. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर दिवसभरात सहा ते आठ पेले. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलेच माप पाळा. एका बैठकीत तांब्याभर पाणी पोटात ओतू नका. लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर पाणी कमी पडते आहे.

सोडियम कमी होण्याचा धोका धावकांइतकाच आपल्यालाही आहे, फक्त वाट निराळी. लघवीची गोळी चालू, जेवणात मीठ बंद, भूक नाही म्हणून नुसती पेज आणि वर साधे पाणीच पाणी. मग आजी एके दिवशी असंबद्ध बोलू लागतात, तोल जाऊन पडतात. घरचे म्हणतात, वय झाले. रक्त तपासले की सोडियम खाली. म्हणून पाण्याबरोबर थोडे खाणेही हवे. नारळपाणी, लिंबू सरबत, कोकम सरबत, भाताची पेज, मनुका भिजवून केलेले सरबत, काहीही चालेल. दुपारी मटणाचे जेवण झाले असेल तर आपल्याकडे ताक चालत नाही. तेव्हा कोकम किंवा नारळाच्या दुधाची सोलकढी घ्या. मधुमेह असेल तर सरबतात साखर नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळपाणी विचारून घ्या, कारण त्यात पोटॅशियम असते.

जुलाब-उलट्या झाल्या तर मीठ-साखरेचे पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा चमचा. चमचा चहाचाच.

उपासाविषयीही एक शब्द. तिशा बेआव, म्हणजे आपला बिरड्याचा सण, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. मुंबईत तेव्हा पाऊस असतो, पण इस्रायल-अमेरिकेत भर उन्हाळा. पंचवीस तास पाण्याशिवाय राहणे आजारी व वृद्ध माणसाला झेपेलच असे नाही. जीव राखणे हे आपल्या धर्मात उपासाहून वरचे मानले आहे. आधी डॉक्टरांना आणि हझानसाहेबांना विचारून घ्या, मग ठरवा.

डोके आधी दगा देते

२००६ साली वेस्टर्न स्टेट्सच्या वेळी ऊन फार कडक होते. ब्रायन मॉरिसन नावाचा तरुण सर्वांच्या पुढे होता. ऑबर्नच्या मैदानात शिरला, शेवटची रेषा तीनशे यार्डांवर राहिली आणि तो कोसळला. उठला, पुन्हा पडला. सोबत्यांनी धरून त्याला रेषेपलीकडे नेले. दुसऱ्यांची मदत घेतली म्हणून नियमाप्रमाणे त्याचे पहिले स्थान गेले. त्याला इस्पितळात न्यावे लागले. दहा वर्षांनी, २०१६ साली, त्याने तीच शर्यत पुरी केली.

शरीर तापले किंवा क्षार बिघडले की मेंदू गडबडतो, आणि गडबडलेल्या मेंदूला आपण गडबडलो आहोत हे कळत नाही. हाच सगळ्यात मोठा धोका. मी एका वर्षी शर्यत पाहायला ऑबर्नला गेले होते, तेव्हा तिथल्या नर्सशी थोडे बोलले. ती म्हणाली, धावकाला "बरे आहे का" असे विचारत नाही, कारण तो "बरे आहे" असेच म्हणतो. त्याच्याकडे पाहते. पाय अडखळतात का, जीभ जड झाली का, हातातली वस्तू पडते का, उगाच चिडतो का. वॉर्डात आम्हीही तेच करत होतो.

मला आठवते, एका मे महिन्यात एका वृद्ध बाईंना घरच्यांनी आणले. "सकाळपासून वेड्यासारखे बोलतात, कुणाला ओळखत नाहीत," एवढीच तक्रार. वरच्या मजल्याची पत्र्याखालची खोली, खिडकी बंद. त्वचा कोरडी, तापलेली. काखेतला थर्मामीटर ४० च्या वर. घरच्यांना तो म्हातारचळ वाटला होता, तो उष्माघात होता. सुदैवाने वेळेवर आणले होते, त्या वाचल्या.

म्हणून लक्षात ठेवा: उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वागण्यात एकाएकी फरक पडला, तर आधी अंगाला हात लावून पाहा.

उष्माघात झाला तर

पेटके, भोवळ, मळमळ, भरपूर घाम, पण शुद्ध शाबूत, ही अलीकडची पायरी. सावलीत निजवा, पाय उशीवर, कपडे सैल, अंग पुसा, घोट घोट सरबत द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर.

अंग तापलेले आणि त्याबरोबर भ्रम, बडबड, झटके किंवा बेशुद्धी, हा उष्माघात. घाम असो वा नसो. शरीर ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. याचा नियम एकच: आधी गार करा, मग हलवा.

या नियमाचा पुरावाही अमेरिकेतलाच आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमाउथ येथे ऑगस्टमध्ये सात मैलांची धाव असते. तिथे १८ शर्यतींत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले. सर्वांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवले. सगळेच्या सगळे वाचले. वृद्ध व हृदयरोगी माणसाला घरात बर्फाच्या टबात घालू नये. त्याच्यासाठी ओली चादर अंगावर टाका, वर पंखा पूर्ण वेगात, मान, काखा व जांघांत कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि चादर पुन्हा पुन्हा भिजवत राहा. त्याच वेळी दुसऱ्याने फोन करावा: महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१, अमेरिकेत ९११. गाडी येईपर्यंत गार करणे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, एका कुशीवर निजवा. तापाच्या गोळीचा, पॅरासिटामॉलचा, इथे उपयोग होत नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे.

एकट्याने धावायचे नाही

वेस्टर्न स्टेट्समध्ये ६२व्या मैलापासून धावकाला एक सोबती घेता येतो. तो वाट दाखवतो, बोलत राहतो, खायला-प्यायला आठवण करतो आणि धावक बरळू लागला तर ठाण्यावर कळवतो. २०१५ साली गनहिल्ड स्वान्सन या ७० वर्षांच्या बाईंनी ही शर्यत २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांत पुरी केली. मुदतीला सहा सेकंद उरले होते! सत्तरी गाठलेल्या बाईने ती मुदतीत पुरी करण्याची ही पहिली वेळ. त्या वर्षी शर्यत जिंकलेला रॉब क्रार आदल्या रात्रीच पोहोचला होता, तो पायात साध्या सपाता घालून शेवटच्या टप्प्यात त्यांच्या बरोबर धावला. जिंकणाऱ्यालाही मागून येणाऱ्या आजीबाईंसाठी परत यावेसे वाटले, हे मला त्या बक्कलापेक्षा मोठे वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि थोड्या दिवसांत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत वृद्ध पुष्कळ, आणि एकटे राहणारे, घराबाहेर न पडणारे अधिक. ती माणसे डोंगरात धावत नव्हती. आपल्या खोलीत, खुर्चीत, पलंगावर होती. नंतर डॉक्टरांनी अभ्यास केला तेव्हा दिसले, की ज्यांच्याकडे येणारे-जाणारे होते, ज्यांना गारव्याच्या जागी नेणारे कुणी होते, ते जास्त वाचले.

आपल्या दाराशीही असे घडले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला मैदानातल्या मोठ्या समारंभात लोक तासन् तास उन्हात बसले. तापमान ३८ अंशांच्या आसपास, हवा दमट. १४ जणांचा मृत्यू झाला. अडतीस हा आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. म्हणूनच तो सांगितला.

आपल्या समाजात आज कितीतरी घरांत मुले इस्रायलला, अमेरिकेला, आणि इकडे ठाण्यात, अलिबागला, पेणला एक म्हातारा-म्हातारी किंवा एकच जण. त्यांना मुलांचा फोन रात्री येतो. उन्हाचा धोका दुपारी दोनला असतो. म्हणून माझी सूचना अशी: प्रत्येक एकट्या माणसाने दोन सोबती ठरवावेत, एक शेजारचा आणि एक समाजातला. मार्च ते जून रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला फोन. फोनवर "बरे आहे ना?" असे विचारू नये. असे विचारावे: आज काय वार आहे? सकाळपासून किती पेले पाणी झाले? लघवी कितीदा झाली? जेवण काय केले? उत्तर अडखळले किंवा फोन उचलला नाही, तर शेजाऱ्याने जाऊन दार वाजवावे. चावी त्याच्याकडे असू द्यावी. प्रत्येक सिनेगॉगच्या महिला मंडळाने अशी यादी केली तर चार ओळींच्या कागदाने माणूस वाचेल.

या महिन्याचा अभ्यास

खालील गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा.

१. गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले का?
२. सकाळी अकरा ते चार बाहेर जाणे नाही. गेलेच तर छत्री, पाणी आणि ओला पंचा.
३. दर तास-दीड तासाने अर्धा पेला, डॉक्टरांच्या मापात.
४. रोज सकाळी वजन, कॅलेंडरवर.
५. दुपारी खिडक्यांना पडदे, उन्हे कलल्यावर खिडक्या उघड्या. पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्याची खोली असेल तर दुपारी खाली शेजाऱ्याकडे.
६. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही.
७. इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.
८. दोन सोबत्यांची नावे व फोन नंबर, त्याखाली १०८.

आठवी ओळ आज संध्याकाळीच भरा. बाकीच्या उद्या केल्या तरी चालतील. पुढच्या अंकात पावसाळ्यातले पोटाचे विकार पाहू. तोपर्यंत सावलीत राहा आणि एकमेकांची विचारपूस करीत राहा.